उन्हानं नेलेलं पाणी

जीप भिंतीच्या वळणावर दिसली तेव्हा मी पात्रात शेवटचं माप ओतत होतो. सतरा पूर्णांक आठ. आकडा मनात घट्ट धरला, कारण मध्येच कोणी बोललं की माझा आकडा पळतो. तसं मध्येच बोलायला तिथं कोणी नसायचंच म्हणा.

जीपमधून तिशीच्या आतबाहेरच्या एक बाई उतरल्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायांत पुरुषी बूट.

"गेजगे तुम्हीच का?"

"होय."

"मी दडस. नवीन उपअभियंता. तुमची बाष्पीभवनाची वही बघायचीय."

हे वाक्य ऐकायला मी चौदा वर्षं थांबलो होतो. खोटं कशाला सांगू, आत गेलो ते आधी शर्ट बदलला आणि मग वही काढली.

ढोरखिंडीच्या तलावावर मी मोजणीदार होतो. धरण बांधलं तेव्हा कामगारांसाठी बत्तीस खोल्यांची वसाहत उठली होती. धरण झालं, माणसं पांगली, आणि त्यांच्या मागोमाग एकतीस खोल्यांची दारं-खिडक्याही गेली. बत्तिसावी माझी. बायको दोन्ही मुलींना घेऊन तालुक्याला राहायची, शाळेसाठी. सुरुवातीला मी पंधरवड्याला जायचो, मग महिन्याला. पुढं पुढं मी गेलो की मुली पाहुणा आल्यासारख्या वह्या-पुस्तकं उचलून जागा करून द्यायच्या.

माझं मुख्य काम एकच. खोलीपुढच्या अंगणात चार फूट रुंदीचं पत्र्याचं गोल पात्र होतं. त्यात एका खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. रोज सकाळी साडेआठला पाणी खुणेच्या किती खाली गेलं ते बघायचं आणि मापानं ओतत पुन्हा खुणेला आणायचं. जेवढं ओतलं तेवढं काल उन्हानं नेलं. तो आकडा वहीत लिहायचा, महिन्याचा तक्ता करायचा आणि टपालानं उपविभागात पाठवायचा. तिथं तो कोण उघडतं, उघडतं तरी का, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा गंमत म्हणून मी तक्त्याच्या खाली 'कळावे, लोभ असावा' असं लिहिलं होतं. त्यावरही कोणी काही बोललं नाही.

तो सलग तिसरा दुष्काळ होता. तलावात भिंतीलगत एक हिरवं डबकं उरलं होतं आणि त्याभोवती कंबरभर गाळ. त्या गाळात दोन म्हशी रुतून मेल्यापासून तिकडं कोणी फिरकत नव्हतं. धरणाचं दार जुनं आणि गळकं होतं. त्याच्या फटीतून करंगळीएवढी धार पलीकडं ओढ्यात पडायची आणि पन्नास पावलांत वाळूत जिरायची. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि दोन ड्रम भरून जायचा. एक माझा, एक पात्राचा. पात्राच्या ड्रमची वेगळी नोंद होती, किती आलं आणि मापानं किती गेलं. त्यात थेंबाचा फरक मी कधी येऊ दिला नाही.

दडस मॅडम पायरीवर बसल्या आणि वही उलटत गेल्या. वाचताना त्यांचं बोट आकड्यांवरून फिरत होतं. माझी छाती फुगली होती.

"चौदा वर्षांत एक खाडाखोड नाही," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"मग मला एक सांगा. करंजखोऱ्याचा तलाव इथून चार कोसांवर. तिथलं ऊन या दिवसांत रोज साडेबारा मिलिमीटर पाणी नेतं. तुमच्याकडंही गेल्या वर्षीपर्यंत तेवढंच होतं. या फाल्गुनापासून तुम्ही सतरा, साडेसतरा, अठरा लिहिताय. सूर्य एकच आहे ना?"

मी हातातलं माप पात्राच्या कडेला ठेवलं.

"हे साधं नाही, गेजगे. कमी पावसाच्या भागातल्या तलावांसाठी सरकारनं पैसा काढलाय. मी आपल्या तलावाचा प्रस्ताव केलाय. गळकं दार बदलायचं, उघड्या कालव्याच्या जागी बंद नळ टाकायचे आणि खालच्या सात गावांना पाणी द्यायचं. पण पैसा थोडा आणि तलाव फार. म्हणून कमिटीनं चाळणी लावलीय. जिथलं पाणी उन्हातच जातं तिथं खर्च करायचा नाही. तुमच्या आकड्यांमुळं आपला तलाव चाळणीतून खाली पडलाय. दहा दिवसांनी शेवटची बैठक आहे."

माझे आकडे अखेर कोणीतरी वाचले होते, ते असे.

"पात्रावर जाळी नाही?" त्यांनी विचारलं.

"फाटली. पाखरं येतात मॅडम. होले, साळुंक्या. दुष्काळ आहे, पितात बिचारी."

"पाखरं रोज सहा लिटर पितात?"

गणितात त्या पक्क्या होत्या. आमच्या पात्रात एक मिलिमीटर म्हणजे सव्वा लिटरला थोडं कमी. पाच मिलिमीटर म्हणजे सहा लिटर. सहा लिटर म्हणजे एक कळशी. आणि ती कळशी त्या घडीला ओढ्याकाठच्या पायवाटेनं वर येत होती, हे मला घड्याळ न बघता कळत होतं, कारण साडेनऊ व्हायला आले होते.

केराबाई कोळेकर ओढ्याच्या खालच्या अंगाला अर्ध्या कोसावर एका छपरात राहायची. साठी उलटलेली, एकटी. तिची जमीन तलावात गेली होती. धरणाच्या भिंतीवर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांत तीही होती. तिचं रान बुडवणारी भिंत तिनंच थोडीफार बांधली होती. पुढं सरकारनं दहा मैलांवर गावठाण दिलं. पोरगा तिकडं गेला. ही गेली आणि सहा महिन्यांत परत आली. कागदावर मात्र ती तिकडंच राहत होती, म्हणून तिच्या छपरापाशी टँकर थांबत नव्हता.

फाल्गुनात तिची शेळी चुकली म्हणून ती शोधत वर आली. प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तिनं तो उभ्यानंच संपवला, तसा माझा जीव कळवळला. घरात माझी एक लहान कळशी होती. ती काढली, पण भरायची कुठून? माझा ड्रम त्या दिवशी तळाला गेला होता. पात्राच्या ड्रमला हात लावला तर नोंदीत फरक पडला असता. मी जरा उभा राहिलो आणि मग कळशी पात्रात बुडवली.

दुसऱ्या दिवशी ती कळशी परत द्यायला आली. रिकामी परत कशी पाठवायची म्हणून मी पुन्हा भरून दिली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा द्यायला आली. मग तेच सुरू झालं. साडेनऊला यायची, पायरीवर बसायची, अकराला जायची. येताना कधी बाजरीची भाकरी आणायची, कधी नुसतं तोंड. मला साहेब म्हणणारी जगात ती एकटीच होती, तेही चेष्टेनं.

"काय सायेब, आज उन्हानं किती पिलं?"

"सतरा पूर्णांक सहा."

"लई तहानलंय वं मेलं," असं म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

तिला अक्षरओळख नव्हती, पण माझा आकडा रोज ऐकणारं माणूस म्हणून तीच होती. माझा ड्रम भरल्यावर मी तिला त्यातलंही देऊ शकलो असतो. पण एकदा पात्रातून दिलं ते चालूच राहिलं. मला त्यात काही चुकलं असं वाटतही नव्हतं. पाणी जेवढं कमी झालं तेवढंच मी लिहीत होतो की.

जीप बघून केराबाई बाभळीखाली थांबली. कळशी कमरेवर होती. मॅडमची तिकडं पाठ होती, पण माझ्या कुत्र्यानं शेपटी हलवली तशी त्यांनी वळून पाहिलं.

"त्या कोण?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कुणी नाही. वाटसरू असेल."

मी ते हळू बोललो नव्हतो. त्या माळावर वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नसायचा. बोललेलं शंभर पावलांवर जायचं. केराबाईनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि आली तशी खाली उतरून गेली.

मॅडमनी डबा उघडला. मेथीची भाजी आणि चपाती. अर्धी चपाती मला दिली. तालुक्यात मोठी झालेली पोरगी, पण खायची पद्धत आमच्याकडचीच, चतकोर मोडून वाटणारी.

"असं करते," त्या म्हणाल्या. "कमिटीला लिहून देते की आकडे बरोबर आहेत. वही बघितली, माणूस बघितला. चौदा वर्षं एकटा राहून रोज साडेआठला माप घेणारा माणूस खोटं लिहिणार नाही. आपला तलावच वेगळा असेल. वारा जास्त असेल. पुढच्या वर्षी बघू."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. सात गावांतल्या बायका मी एसटीच्या खिडकीतून रोज नाही तरी महिन्याला बघत होतो. टँकर दिसला की पोर खाली ठेवून पळायच्या. मी हातातली चपाती कागदावर ठेवली.

"आकडे बरोबर आहेत मॅडम. पण ऊन एवढं पीत नाही."

मग सगळं सांगितलं. कळशी, पायरी, साडेनऊ. वाटसरूचंही सांगितलं.

त्यांनी पात्राकडं बघितलं. "ड्रममधलं का नाही दिलं?"

"ड्रमची नोंद असते. सहा लिटर कुठं गेले म्हणून दाखवू?"

"आणि पात्रातलं?"

"त्याला रकाना आहे. बाष्पीभवन."

"म्हणजे तुम्हाला खोटं लिहावं लागू नये म्हणून तुम्ही सात गावांचं पाणी घालवत होता."



मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी माझ्यावर ठपका ठेवला नाही. 'जाळी फाटल्याने पात्रातील पाणी बाहेर जात होते, फाल्गुनापासूनचे आकडे ग्राह्य धरू नयेत' असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत जीप नवीन जाळी आणि कुलूप घेऊन परत आली. एक आठवडा नव्यानं माप घ्यायचं आणि ते बैठकीपुढं ठेवायचं ठरलं.

"किल्ली तुमच्याकडंच ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि त्या आजींचं नाव द्या. टँकरच्या यादीत बसतं का बघते."

"केराबाई कोळेकर. पण कागदावर त्या गावठाणात आहेत."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग अवघड आहे. तरी बघते."

पहिल्या दिवशी बारा पूर्णांक चार. दुसऱ्या दिवशी बारा पूर्णांक नऊ. तिसऱ्या दिवशी बारा पूर्णांक सात. करंजखोऱ्याशी जुळणारे. साडेनऊला मी पायरीवर येऊन बसायचो आणि अकराला उठायचो. माझ्या खोलीला पायरी आहे हे मला त्याआधी कधी एवढं जाणवलं नव्हतं. केराबाई आली नाही. राग आला असेल, आणि यायलाच हवा होता. पण रागापेक्षा दुसरीच गोष्ट मला खात होती. तीन दिवस ती म्हातारी पाण्यावाचून काय करत असेल?

चौथ्या दिवशी माप झाल्याबरोबर मी माझ्या ड्रममधून घागर भरली, खांद्यावर घेतली आणि ओढ्याच्या कडेनं खाली निघालो. चौदा वर्षांत मी त्या बाजूला गेलो नव्हतो. अर्धा कोस म्हणजे फार नाही, पण घागर खांद्यावर असली की वाटेची लांबी कळते. ही बाई ओझं घेऊन रोज एवढी चालायची, मी मनाशी म्हटलं, आणि मी तिला कुणी नाही म्हटलं.

छपरापुढं शेळी बांधलेली होती. केराबाई ओढ्याच्या पात्रात वाकून बसली होती. मी जवळ गेलो. वाळूत उकरलेला झिरा होता, हातभर खोल खड्डा, कडेनं दगड नीट रचलेले, आणि तळाला पाणी. नितळ, गार पाणी. ती करवंटीनं ते उपसून हंड्यात भरत होती. हंडा गळ्यापर्यंत भरत आला होता आणि खड्ड्यातलं पाणी तसूभरही कमी झालं नव्हतं.

"या सायेब," ती म्हणाली. "घागर घिऊन कुनीकडं?"

"तुम्हाला पाणी आणलं."

तिनं घागरीकडं बघितलं, मग झिऱ्याकडं. हसली नाही.

"हितं हाय की पानी."

"कधीपासून?"

"धरान झाल्यापासनं. तुमचं दार गळतंय न्हवं? त्ये वाळूखालनं येतंय आन हितं वर निगतंय. म्हून तर मी गावठानातनं माघारी आले."

मी घागर खाली ठेवली. खांदा बधिर झाला होता.

"मग रोजची कळशी?"

"शेळीला पाजायची. उरलं तर ह्या लिंबाला." छपराच्या कोपऱ्यात कंबरेएवढं लिंबाचं झाड होतं. त्या दुष्काळात त्याला पोपटी पालवी होती.

"मावशी, पाणी असताना एवढ्या उन्हात कशाला यायचात?"

तिनं करवंटी हंड्यावर पालथी घातली.

"पयल्या दिशी तुमीच कळशी भरून दिलीसा. मायेनं दिलेलं न्हाय कसं म्हनू? माघारी द्याया आले तर बसा म्हनलासा. कुनी बस म्हनून मला लई वरसं झाली हुती." मग म्हणाली, "रिकाम्या हातानं रोज आलं तर काय म्हनून यायचं, सायेब? म्हातारी उगंच येतीया म्हनला असता. कळशी असली की कामाला आल्यागत वाटतंय."

मी वाळूत बसलो. माझीही तीच गत होती आणि मी ती चौदा वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. ती पाण्यासाठी येते असं मला वाटायचं आणि कळशी नसेल तर मी बस म्हणणार नाही असं तिला वाटायचं. सात गावांचं पाणी आम्ही दोघांनी त्या पायरीवर बसून उन्हाच्या नावावर लिहिलं होतं.

"त्या दिवशी चुकलं माझं," मी म्हणालो. "कुणी नाही म्हणालो ते."

"बराबरच बोललासा. कागदावर मी हितं कुटं हाय?"

ती हे टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरंच तसं समजत होती.

मग मला सांगावंच लागलं. "मावशी, दार बदलणार आहेत. पैसा मंजूर होईल बहुतेक."

ती अडाणी होती, पण भिंत बांधलेली बाई होती. तिला पुढचं सांगायची गरज पडली नाही. तिनं झिऱ्यात हात घातला आणि थोडा वेळ पाण्यातच ठेवला.

"म्हंजी ह्ये आटंल."

"हो."

"आन खाली सात गावास्नी मिळंल?"

"हो."

"मग बरं हाय." हात पदराला पुसून ती म्हणाली, "आटलं की येईन की तुमच्याकडं. तवा खरंच पानी लागंल."

"या," मी म्हणालो. "माझ्या ड्रममधलं देईन."

निघताना तिनं छपरातून माझी कळशी आणून दिली. राखेनं घासून लख्ख केलेली. मी राहू दे म्हटलं, दोनदा म्हटलं. तिनं ती माझ्या घागरीच्या तोंडावर पालथी ठेवली. घागरीतलं पाणी तिनं शेळीपुढं ओतलं होतं, एवढं वाहून आणलंत, वाया कशाला, म्हणून.

प्रस्ताव मंजूर झाला. पुढच्या माघात नवं दार बसलं, त्यानंतरच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि मग नळ गेले. मॅडमनी मला मुद्दाम जीपनं नेऊन शेवटच्या गावातला पहिला हंडा भरताना दाखवला. बायका हसत होत्या, कोणीतरी माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. त्या पाण्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. टँकरच्या यादीचं मॅडमनी खरंच बघितलं होतं. दोन अर्ज केले होते, दोन्ही 'नाव गावठाणात आहे' म्हणून परत आले.

दार बसलं त्या दिवसापासून मी पायरीजवळ पदरमोड करून आणलेला एक वेगळा ड्रम ठेवला. झाकण घातलं, वर ती कळशी ठेवली. तिला सतत विचारायला लागू नये म्हणून. ओढ्यातली धार बंद झाली होती. पंधरा दिवस गेले, महिना गेला. दोनदा मी वाटेला लागलो आणि दोनदा बाभळीपासून परत आलो. काय तोंड घेऊन जायचं ते ठरेना. ती येते म्हणाली होती, येईल, असं म्हणत राहिलो.

नळ यायच्या आधीच, चैत्रात एका सकाळी माप घेताना भिंतीखालच्या रस्त्यानं एक टेम्पो जाताना दिसला. हौद्यात एक हंडा, एक वळकटी आणि शेळी. पुढं ड्रायव्हरशेजारी कोण बसलं होतं ते वरून दिसलं नाही. मी हात वर केला, पण हातात माप होतं आणि आकडा मोजायचा राहिला होता. खाली पोचेपर्यंत धूळही बसली होती. मग छपराकडं गेलो. झिऱ्याच्या तळाला कोरडी वाळू होती आणि दगड अजून नीट रचलेले होते. लिंबाची पालवी सुकली होती. पाण्याची गरज नसताना ती येत होती, आणि खरंच पाणी लागलं तेव्हा मागायला आली नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं मी रोज साडेआठला माप घेतलं. बारा पूर्णांक चार, बारा पूर्णांक नऊ. एकही आकडा चुकला नाही. माझ्या पात्रातलं पाणी पुढं फक्त उन्हानंच नेलं.